वालाची राखण आणि ती पंखवाली

गेल्या आठवड्यात एका सकाळी बांधावर उभा होतो. वालाला फूल धरलंय, पांढरं, बारीक, आणि दव इतकं पडतंय की लेंगा गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटतो. आसाण्याच्या झाडावर एक कोतवाल पक्षी बसून ओरडत होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माझी नात, सायली. शिकायला पनवेलला असते हल्ली.

"आबा, सीझन आला," ती म्हणाली.

"व्हय, यंदा जरा उशीरच झालाय. फूल आत्ताशी धरतंय," मी म्हटलं.

ती हसत सुटली. "वालाचा नाय वो आबा. तिचा. दुसरा सीझन आला."

मी फोन कानावरून काढून त्याच्याकडं बघत राहिलो. सीझन म्हणजे आमच्याकडं वालाचा, पोपटीचा, पेणला मूर्तीवाल्यांचा गणपतीचा. सीझन येतो म्हणजे कामाला माणूस पुरत नाही. आता पडद्यावरच्या एका पंख फुटलेल्या पोरीचाही सीझन येतो, आणि तो आल्याची वर्दी मला, वालाच्या बांधावर, भर कामाच्या वेळी मिळते. "अभ्यास कर," असं बोलून मी फोन ठेवला. पण वालात वाकलो तरी डोक्यातून ती गेली नाही. फूल बघितलं की मागचा हंगाम आठवतो, आणि मागचा हंगाम आठवला की ही बया पंख फडफडवत आलीच.

मागच्या वर्षीची गोष्ट. भात झोडून झालं होतं. रिकाम्या शेतात वाल पेरला, तो उगवून वर आला, आणि डोंगराकडची वांदरं रोज येऊन बघून जायला लागली. वांदर घाई करत नाही. बांधावर बसतं, आपल्याकडं बघतं, मग पिकाकडं बघतं. मी राखणीचा माळा बांधला. चार खांब, वर फळ्या, पेंढ्याचं छप्पर, चढायला शिडी. त्याच शिडीवरून उतरताना मी पडलो. लोक म्हणतात शिडी मोडली. खोटं आहे ते. शिडी मी बांधली होती, ती आजही उभी आहे. मोडला तो पाय.

पायाला प्लास्टर घातलं आणि मुलानं, दिनेशनं, मला रोह्याहून उचलून पेणजवळ रामवाडीला आपल्या घरी नेलं. दिनेश डोलवीला कंपनीत आहे. शिफ्टवरून आला की झोपतो, उठला की शिफ्टला जातो. सूनबाई शाळेत शिकवते. सायलीचं बारावीचं वर्ष, ती घरीच अभ्यास करायची. म्हणजे माझ्यावर पहारा तिचा. गावी उरली आमची म्हातारी, आणि तिच्या एकटीच्या अंगावर सगळा वाल.

रामवाडीच्या त्या खिडकीतून हमरस्ता दिसायचा. दिवसभर ट्रेलर. अलीकडं मूर्तीवाल्याची शेड, तिथं रंग न लावलेले पांढरे गणपती ओळीत बसलेले, अजून कुणाला डोळे नाहीत. मी पाय स्टुलावर ठेवून त्यांच्याकडं बघायचो. ते माझ्याकडं बघू शकत नव्हते. बरं होतं तेच.

पहिल्याच आठवड्यात जेवताना विषय निघाला. दिनेश म्हणाला, "बाबा, आई एकटी कुठवर राखणार? जाऊदे ना यंदाचा वाल. बाजारात मिळतो वाल."

"बाजारात बापबी मिळत असंल," मी म्हटलं. "बघून ये एकदा."

सूनबाईनं ताटात मान घातली. दिनेश काही चिडला नाही, आणि त्याचाच मला राग येतो. तो शांतपणे बोलला, "मी काय म्हणतो ते ऐका. दर वर्षी तुम्ही त्या माळ्यावर चढणार, आन आमचा जीव इथं टांगणीला. यंदा वांदरांनी वाल खाल्ला, तर पुढल्या वर्षापासून पेरायचा नाय. कबूल?"

मला नाही म्हणायचं होतं. पण समोर नात बसलेली, सून बसलेली. माघार घेतलेली मला कुणी बघितलेलं नाही.

"कबूल," मी म्हटलं. "आन राखला तर पुन्हा हा विषय काढायचा नाय."

झालं. माझा आख्खा वाल, पुढच्या सगळ्या वर्षांचा, आमच्या म्हातारीच्या गळ्यावर येऊन बसला. आणि तिचा गळा कसला. घरात बोलते ते चुलीला ऐकू जात नाही. मी हाळी घातली की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठतात. ती हाळी घालते तेव्हा वांदरांना वाटत असेल, आपल्याला जेवायला बोलावतायत.

दुपारी सायली मला जेवण वाढायची आणि जेवण होईपर्यंत टीव्हीवर ते लावायची. जपानी चित्रांची मालिका. डोळे बघावेत तर वाटीएवढे, नाक शोधावं लागतं. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती सायली वाचून मला मराठीत सांगायची. मी कधी सांगितलं होतं, सांग म्हणून? पण पाय स्टुलावर, उठून जाणार कुठं.

"ही कोण?" पहिल्या दिवशी मी विचारलं. घराच्या कौलावर एक पोरगी बसली होती. पाठीला पांढरे पंख. थंडीचे दिवस दाखवलेले, सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघतेय, आणि हिचे पाय उघडे.

"ती त्या मुलाची राखण करते, आबा. त्याला दिसत नाय ती. त्याच्या जन्मापासून त्याला सांभाळते. म्हणजे बघा, आपला राखणदार असतो ना, तसं."

तिनं सहज शब्द वापरला. पण मी जेवायचा थांबलो. राखणदार म्हणजे काय खेळ आहे काय? आमच्या शेताच्या कोपऱ्यात आसाण्याखाली राखणदाराचा दगड आहे. माझ्या बापाच्या आधीपासून आहे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, असा तो असतो असं सगळे सांगतात. पाहिला कुणी नाही. अवेळी वाटेनं कुणी एकटा निघाला तर त्याच्या मागं काठी वाजते, शिवेपर्यंत वाजते, आणि शीव आली की थांबते. त्याची हद्द तेवढी. शिवेपलीकडं दुसऱ्याची राखण. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, म्हणजे त्याचा वाटा. नारळ, मूठभर तांदूळ, विडी, ज्याची ऐपत असेल त्यानं कोंबडा. हा व्यवहार आहे. सरळ, दोन्हीकडून पाळलेला.

"हिला राखण कोण देतं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे ही या पोराला जन्मापासून राखते. हिला नारळ कोण देतं? तांदूळ कोण देतं?"

"कोणीच नाय, आबा. ती त्याच्यावर प्रेम करते."

मी कपाळाला हात लावला. अगं, राखणदार कधी ज्याला राखतो त्याच्यावर प्रेम करतो काय? उद्या आमचा राखणदार काठी टाकून माझ्या दारात गुलाबाचं फूल घेऊन उभा राहिला तर शेत कोण राखणार? आणि तो पोरगा तरी कसला. केस डोळ्यांवर, मान खाली, रस्ता ओलांडताना सुद्धा वर बघत नाही. दर भागात त्याच्यावर काहीतरी पडतंय. गाडी काय, खांब काय, एकदा तर आख्खी पाटी. आणि दर वेळी ही पंख पसरून मध्ये येते. मी टीव्हीला सांगायचो, "बघून चाल की रे बाबा." सायली म्हणायची, "आबा, त्याला ऐकू जात नाय." ते मलाही कळत होतं. पण घरातही माझं कुणाला ऐकू जात नव्हतं, मग मी बोलत तरी कुणाशी राहायचं?

तिचं नाव सायलीनं मला सांगितलं होतं. ते माझ्या तोंडात बसलं नाही. मी तिला पंखवाली म्हणायचो.

म्हातारी रोज संध्याकाळी फोन करायची. मी विचारायचो, आज किती वांदरं आली, कुठल्या बाजूनं आली, बांधावरचं बुजगावणं सरळ आहे का. ती म्हणायची, "आली हुती, गेली." बस. एवढी मोठी फौज येते, तिचं वर्णन हे असं. मी म्हणायचो, "गेली म्हंजे कशी गेली? तू काय केलंस?" ती म्हणायची, "तुमी जेवलात का?"

माझं डोकं फिरायचं. बुजगावण्याच्या खांद्यावर बसून शेंगा सोलून खाणारी जात ती. काही न करता जाईल?

मग एकदा भर दुपारी मीच फोन लावला. सायलीला न विचारता, हट्टानं. म्हातारीनं उचलला तेव्हा ती माळ्यावर होती, वारा ऐकू येत होता. "अवो, काय झालं?" म्हणेपर्यंत मागून अशी किंकाळी आली की मी फोन कानापासून लांब धरला. बाईची किंकाळी. पुन्हा एक. मग कायतरी फाडफाड, आणि वांदरं पळतात तेव्हा फांद्यांचा होतो तो आवाज.

"गो, कोण मेलं?" मी ओरडलो.

"कोण नाय. पंखवाली हाय," म्हातारी म्हणाली.

सायली दारात उभी होती, तोंडावर ओढणी धरून. तेव्हा मला सगळं कळलं. मी पडल्यावर माझे कपडे आणायला ती गावी गेली तेव्हा आजीच्या फोनमध्ये ही मालिका भरून आली होती, माळ्यावर एकटी बसते, तेवढाच विरंगुळा म्हणून. आणि सोबत साबणाच्या वडीएवढा एक आवाजाचा डबा दिला होता, आजीला कमी ऐकू येतं म्हणून. म्हातारी माळ्यावर बसून मालिका बघायची. तिला जपानी येत नाही, इंग्रजी अक्षरं येत नाहीत, मराठीसुद्धा सहीपुरतीच लिहिता येते. तरी तिला सगळं समजायचं. तर एका दुपारी वांदरं वालात उतरली आणि नेमकं त्याच वेळी त्या पोरावर गाडी आली. पंखवालीनं किंकाळी फोडली. वांदरं जी उधळली ती डोंगरापर्यंत. तेव्हापासून म्हातारीनं तो डबा माळ्याच्या खांबाला बांधला.

म्हणजे माझं शेत, जिथं माझ्या बापानं हाळी घातली, मी घातली, ते आता एक जपानी पोरगी राखत होती. उघड्या पायांची. बिनकाठीची.

"बंद कर ते," मी फोनवर म्हटलं.

"करते," म्हातारी म्हणाली. "मग वांदरांना काय सांगू? मालक रामवाडीला हायत, नंतर या?"

दिनेशशी मी पैज लावून बसलेलो. वाल राखला गेला पाहिजे होता, कुणी का राखेना. मी फोन ठेवून दिला.

पण वांदर शहाणं असतं. तोच आवाज दोन-चार दिवस ऐकला की त्याला कळतं, ह्यात माणूस नाही. म्हणून म्हातारी रोज नवा भाग लावायची. नवा भाग, नवी किंकाळी. आणि इथून माझ्या आयुष्याचे हाल सुरू झाले. कारण आता मला ती मालिका लक्ष देऊन बघणं भाग पडलं. उद्या म्हातारी माळ्यावर जो भाग लावणार, तो आज मी रामवाडीत बघून ठेवायचो. किंकाळी किती आहे, कुठं आहे, पुरेशी आहे का. सायली म्हणायची, "आबा, तुम्हाला आवडायला लागली." मी म्हणायचो, "मला वाल आवडतो."

आणि नेमकं तेव्हाच त्या दोघांचं प्रेम जमायला लागलं. त्या पोराला ती दिसायला लागली. मग काय, किंकाळ्या बंद. दोघं बाकावर बसलेत. झाडाची पानं गळतायत. तो तिच्याकडं बघतो, ती त्याच्या बुटाकडं बघते. एक वाक्य बोलायचं असतं, ते या भागात नाही, पुढच्या भागात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मध्ये एक भाग तर नुसता पावसात छत्रीखाली उभं राहण्यात गेला. मी सायलीला म्हटलं, "बोल म्हणावं एकदाचं आन कामाला लाग म्हणावं. तिकडं वाल फुलावर हाय." आमचं लग्न झालं, पोरं झाली, पोराला पोर झाली, ते वाक्य आमच्या घरात कुणी बोललं नाही आणि कुणाचं काही अडलं नाही.

संध्याकाळी मी म्हातारीला फोन करून सांगायचो, "उद्याचा भाग कुचकामी हाय. नुसते बघत बसलेत. तू मागचा लाव, गाडीचा."

"छत्रीचा हाय तो?" ती विचारायची.

"तुला कसं ठावं?"

"मी बघितला. दोनदा."

"वांदरं?"

"त्या वेळंला मी थाळी वाजवली," ती म्हणायची.

म्हणजे बघा. छत्रीच्या भागाला हिनं स्वतः उठून थाळी वाजवली, पण भाग बंद केला नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं की राखणदारानं शीव ओलांडायची नसते. राखायचं ते लांबून. जीव लावला की राखण बिघडते, नजर चुकते. म्हातारी ऐकून घेत होती. मग तिच्या त्या चुलीला ऐकू न जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "जीव लावल्याबिगर उनात बसतंय कोण वो?"

रेंज गेली असं सांगून मी फोन ठेवला. रामवाडीला रेंज जात नाही.

पौष लागला. वाल शेंगेवर आला असेल, हा विचार मला रामवाडीत सकाळी चहाबरोबर यायचा. कोवळी शेंग नखानं दाबली की आतला दाणा कसा सरकतो, ते बोटाला आठवायचं. प्लास्टर काढलं. आतला पाय बघवेना, पांढरा, बारीक, त्या शेडमधल्या मूर्तीचा असावा तसा. डॉक्टर म्हणाला, काठी घेऊन थोडं थोडं चाला. दिनेश म्हणाला, घरातल्या घरात. मी म्हटलं, बघू.

मग मालिकेचा शेवटचा भाग आला. सायलीनं आधीच रुमाल घेतला होता. मी आशा धरून बसलो होतो की शेवट आहे, मोठं काहीतरी पडेल, मोठी किंकाळी होईल, वाल कापणीपर्यंत तेवढी पुरवून वापरू. कसलं काय. आख्ख्या भागात आवाज नाही. बर्फ पडतोय. तिच्या वरच्यांचा नियम म्हणे असा, की राखणदारानं ते वाक्य बोललं तर पंख जातात, आणि ज्याला राखलं त्याच्या आठवणीतून ती पुसली जाते. तरी ती बोलली. इतकं हळू की मला ऐकू सुद्धा आलं नाही. एक एक पीस गळून बर्फावर पडलं. ती नुसती पोरगी राहिली. आणि तो मुलगा, मान खाली घालून चालणारा, तिच्या शेजारून निघून गेला. मग थांबला. आणि पहिल्यांदा मान वर करून त्यानं मागं बघितलं. संपलं.

सायली रडत होती. मी म्हटलं, "एवढंच वर बघायला याला इतके भाग लागले?" पण मलाच बरं वाटत नव्हतं. त्या शेवटच्या भागाचा वालाला काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीचा फोन आला. दुपारी ती कधी करत नाही.

"संपली मालिका," ती म्हणाली.

"ठाव हाय."

"पयले भाग पुन्हा लावून बघितले. वांदरं बसून ऐकतात. म्होरक्या तर डब्याच्या खालीच बसला येऊन. थाळीलाबी भीत नायत. सकाळी कडेची एक रांग खाल्ली." वारा ऐकू येत होता. मग म्हणाली, "तुमी या आता. तुमच्यासारखा आवाज कुणाचा नाय."

सायलीनं माझ्या शेजारून ते ऐकलं आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं काही टीव्हीवरच बघतेय. मी म्हटलं, "काय बघतेस? वांदराविषयी बोलत्येय ती." आणि काठी शोधायला लागलो.

दिनेश शिफ्टला होता. सूनबाई शाळेत. मी चप्पल घातली, सायली दारात आली. मला वाटलं आता अडवणार, आता बापाला फोन करणार. तिनं दाराला कुलूप लावलं आणि रिक्षाला हात केला.

"तू कुठं?" मी म्हटलं.

"आबा, तुम्ही सहावा भाग विसरलात. राखणदारानं अडवायचं नाय. सोबत जायचं."

"ते शिवेपर्यंत."

"हां, शिवेपर्यंत येते," ती म्हणाली, आणि पुस्तकाची पिशवी खांद्याला लावून बसली रिक्षात.

पेणहून आम्ही रोह्याची गाडी धरली. मी खिडकीला, ती माझ्या दुखऱ्या पायाच्या बाजूला, कुणाचा धक्का लागू नये म्हणून पिशवी मध्ये धरून. वाटेत तिनं पुस्तक उघडलं, मी बाहेर बघत होतो. कापलेली भातं, त्यात वालाचे हिरवे चौकोन. कुणाचा दाट, कुणाचा विरळ. ज्याचा विरळ त्याच्या घरी राखायला माणूस नाही, हे गाडीतून सुद्धा कळतं. रोह्याला उतरून पुढं टमटम केली. दिनेशचा फोन तीनदा आला, सायलीनं उचलला नाही. मग तिनं बापाला निरोप पाठवला. मला वाचून दाखवला. "आबा शेतावर. मी सोबत." एवढाच.

बांधावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. म्हातारी माळ्यावर उभी, हातात थाळी, डोक्यावर माझं मुंडासं बांधलेलं. वांदरांना मी वाटावा म्हणून. आसाण्यावर वांदरं बसलेली, शेपट्या खाली सोडून, बाजार भरायची वाट बघत असल्यासारखी. मी काठी रोवली, छाती भरून घेतली आणि हाळी घातली.

आवाज आला नाही. एवढे दिवस टीव्हीशी पुटपुटून गळा बसला होता. नुसती हवा बाहेर पडली. म्होरक्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला त्याच्या तोंडावर दिसलं की हा मला ओळखत नाही.

त्याचा मला जो राग आला. अरे, तुझ्या बापाला मी या शेतातून पळवलाय. मी पुन्हा छाती भरली. "हाऽऽऽ हुर्रेऽऽऽ." पोटातून निघाली ती हाळी, पलीकडच्या वाडीतली कुत्री उठली, आणि आसाणा क्षणात रिकामा झाला. म्होरक्या सगळ्यात शेवटी गेला. जाताना एकदा मान वळवून बघितलं त्यानं.

म्हातारी माळ्यावरून म्हणाली, "जेवलात का?"

पुढचे सगळे दिवस मी बांधावर खाट टाकून बसलो. माळ्यावर चढायचं नाही, असं तिनं बजावलं होतं, आणि तिच्या त्या आवाजात बजावलेलं मोडता येत नाही. सायली दोन दिवस राहून परत गेली. बांधाच्या टोकाला थांबली, म्हणाली, "शीव आली, आबा." मी म्हटलं, "नीट जा. रस्ता बघून ओलांड." ती वळून बघत बघत गेली. मी काठी दगडावर वाजवत राहिलो, ती वळणाआड जाईपर्यंत. वांदरं येऊ नयेत म्हणून.

रविवारी सगळे आले. संध्याकाळी पोपटी लावली. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, मीठ, ओवा, अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढ्याचा जाळ. तो पाल्याचा उग्र वास आणि शेंगेचा गोड वास एकत्र आला की मला हंगाम पावला असं वाटतं. दिनेशनं शेंगा सोलून सोलून खाल्ल्या. पैजेचा विषय काढला नाही. बऱ्याच वेळानं हात पुसत म्हणाला, "बाबा, बियाला कुठल्या कडेचा ठेवायचा? त्या वरच्या तुकड्यातला ठेवा, दाणा मोठा हाय." मी म्हटलं, "मला ठाव हाय." तो माझाच मुलगा आहे. यापेक्षा जास्त तो बोलणार नाही.

त्याच्याही आधी, पोपटी उघडली की पहिला वाटा राखणदाराचा. आसाण्याखाली दगडाशी मी नारळ ठेवला, शेंगा ठेवल्या, विडी ठेवली. उठतोय तर म्हातारीनं पदराखालून एक क्रीमरोल काढला आणि नारळाच्या शेजारी ठेवला. रोह्याच्या बेकरीतला, कागदासकट.

"हे काय गो?"

"पंखवालीचं. राखला ना वाल तिनं? ती असलंच खाती. सायलीला विचारलं मी."

"राखणदाराच्या दगडाशी क्रीमरोल?"

"तुमीच बोलला हुता, तिला राखण कोण देतं म्हणून," म्हातारी म्हणाली.

माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं. सगळ्यांसमोर. मी शेंगा खात बसलो.

तर आता हा दुसरा सीझन. सायली म्हणते, ती पोरगी आता बिनपंखांची आहे, आणि त्या पोराला आठवत नाही, तरी ती त्याच्या गल्लीत राहायला आली आहे. म्हणजे पंख गेले, काम गेलं, नियमानं नावसुद्धा पुसलं, तरी ही राखतेच आहे. इतका हट्टीपणा बरा नव्हे. म्हातारीनं फोन पुढं केला, "लावू का डबा माळ्याला?" मी म्हटलं, "गरज नाय. मी हाय." तिनं फोन पदरात ठेवला. दुपारी बघते ती, माळ्याच्या सावलीत बसून, डबा खांबाला न बांधता, कानाशी धरून. मी खाटेवर असतो. मधूनच मला विचारावं लागतं, त्यानं ओळखलं का तिला. ती म्हणते, "अजून नाय." मी म्हणतो, "मूर्ख हाय." एवढं आमचं बोलणं होतं, मग पुन्हा वांदरांकडं बघतो.

परवा पाय दाखवायला रोह्याला गेलो होतो. येताना बेकरीवरून आलो. म्हातारी विसरली असेल म्हणून एक क्रीमरोल घेतला. ती विसरली नव्हती, पोपटीच्या दिवसाचा तिनं बेकरीत आधीच सांगून ठेवला होता. मग हा आधीचा कशाला, असं ती विचारणार, म्हणून मी तो तिला न दाखवता दगडाशी ठेवून दिला. फूल धरलंय, आत्तापासून लक्ष ठेवलेलं बरं.

सकाळी गेलो तर कागद तेवढा पडलेला. म्हातारी माझ्या मागंच उभी. कधी आली कळलं नाही, हिचा पायही वाजत नाही.

"आली हुती वाटतं," ती म्हणाली.

"वांदर आलं हुतं," मी म्हटलं.

कागद उचलून तिनं पदराला पुसला, घडी घातली. मी वालाकडं बघितलं. वांदर आलं असतं तर एखादा तरी वेल ओरबाडला असता, चार फुलं तरी झाडली असती. दवानं वाकलेला वाल होता तसा उभा होता, या बांधापासून त्या बांधापर्यंत, एकही फूल खाली नव्हतं.